कोयत्याचे म्यान

कोयत्याचे म्यान म्हणजे कोयता, सुरा किंवा त्यासारखे मोठ्या पात्याचे अवजार अंगावर बाळगता यावे यासाठी केलेले आवरण अथवा अडकण. पात्याची धार राखणे आणि धारेपासून माणसाला राखणे ही त्याची दोन मूळ कामे होत. तलवारीचे म्यान मुख्यतः शस्त्र मिरवण्यासाठी व जपण्यासाठी घडवले जाई. कोयत्याचे म्यान मात्र दिवसभर वाकणाऱ्या, बसणाऱ्या, झाडावर चढणाऱ्या माणसाच्या अंगावर असते. त्यामुळे त्याची योग्यता त्याच्या देखणेपणावरून ठरत नाही. पात्याचा आकार, कामाची रीत, अंगावरचा पोशाख आणि त्या प्रदेशाची हवा या चार गोष्टींवरून ठरते. कोकणात पूर्ण म्यानाऐवजी उघडी आकडी का रुजली आणि सोलापूरसारख्या कोरड्या भागात कातड्याचे म्यान का टिकते, याची कारणेही याच चार गोष्टींत सापडतात.

नाव आणि अर्थ

'म्यान' हा शब्द फारसीतून मराठीत आला. फारसीतील 'मियान' या शब्दाला मध्य आणि कंबर असेही अर्थ आहेत. मराठीतील 'दरम्यान' हा शब्द 'दर' आणि 'मियान' मिळून झाला आहे. संस्कृतात म्यानासाठी 'कोश' हा शब्द आहे. बोलण्यात 'खोळ', 'गवसणी' आणि 'घर' हे शब्दही आवरणासाठी येतात. चष्म्याचे घर असते तसेच सुरीचेही घर असते. मात्र या शब्दांच्या छटा वेगळ्या आहेत. खोळ व गवसणी ही सैल, प्रामुख्याने कापडी आवरणे असून ती वस्तू ठेवण्यासाठी असतात. म्यान पात्याच्या मापाचे असते व त्यातून पाते एका हाताने काढता येते.

'आकडी' या शब्दाचे मराठीत अनेक अर्थ आहेत. फळे किंवा फांदी ओढण्यासाठी टोकाला वाक असलेली काठी हा एक अर्थ. झटका येण्यालाही 'आकडी येणे' म्हणतात. या लेखात आकडी म्हणजे कमरेला बांधून तिच्यात कोयता अडकवण्याचे साधन.

'हत्यार' या शब्दाचेही अवजार आणि शस्त्र असे दोन अर्थ आहेत. सुताराची हत्यारे आणि सैनिकाची हत्यारे एकाच शब्दाने सांगितली जातात. कोयता अंगावर बाळगताना उद्भवणारे कायदेशीर प्रश्न याच दुहेरी अर्थाशी निगडित आहेत.

रचना

पूर्ण म्यानाचे साधारणपणे पाच भाग असतात.

तोंड: पाते आत जाण्याची जागा. तलवारीच्या म्यानात येथे बसवलेल्या धातूच्या पट्टीला मुहनाळ म्हणतात. पाते आत-बाहेर करताना सर्वाधिक घर्षण येथेच होते.

अंग: पात्याला दोन्ही बाजूंनी झाकणारा भाग.

मधली पट्टी: कातड्याच्या म्यानात धारेच्या बाजूला, दोन थरांच्या मध्ये शिवलेली जाड पट्टी. धार थेट शिवणीच्या दोऱ्यावर न येता या पट्टीवर टेकते. ही पट्टी नसल्यास धार काही दिवसांत दोरा कापते आणि म्यान आतून उसवते. बाहेरून ते धडधाकट दिसत असल्याने हा दोष चटकन लक्षात येत नाही.

टोक: पात्याचे अणकुचीदार टोक जेथे टेकते तो तळ. तलवारीच्या म्यानात येथे तहनाळ नावाची धातूची टोपी असते. कामाच्या म्यानाला तळाशी पाणी निथळण्यासाठी छिद्र ठेवणे उपयुक्त ठरते.

अडकण: म्यान अंगाला जोडणारा भाग. पट्ट्यासाठी केलेला फासा, दोरी, कातड्याची वादी किंवा खांद्यावरचा पट्टा असे त्याचे प्रकार आहेत.

पाते म्यानातून आपोआप सुटू नये यासाठी तीन उपाय रूढ आहेत. पहिला, पात्याभोवती म्यान घट्ट बसवणे. दुसरा, मुठीभोवती बटणाची वा वादीची पट्टी घेणे. तिसरा, म्यान इतके खोल करणे की मुठीचाही काही भाग आत जावा. पहिला उपाय सरळ पात्याला चालतो. रुंद व जड पात्याला केवळ घर्षणाचा भरवसा पुरत नाही, कारण माणूस वाकला की पात्याचे वजनच त्याला बाहेर ओढते.

वक्र पात्याची अडचण

महाराष्ट्रातील बहुतेक कोयत्यांचे पाते सरळ नसते. कोकणी कोयत्याचे टोक चोचीसारखे आत वळलेले असते. ऊसतोडीच्या कोयत्याचे पाते रुंद असून मुठीकडे निमुळते होते. अशा पात्याला अंगाबरोबर बसणारे बंद म्यान करता येत नाही. म्यानाचे तोंड पात्याच्या सर्वांत रुंद भागाएवढे असावेच लागते. तसे केल्यास अरुंद भागाशी ते सैल पडते आणि पाते आत खुळखुळते.

या अडचणीवर जगभर दोन उत्तरे सापडतात. एक, म्यान एका कडेने उघडे ठेवून पाते बाजूने आत घेणे आणि वर पट्टी बांधणे. दुसरे, म्यान काढूनच टाकणे आणि पाते फक्त अडकवून ठेवणे. कोकणातील आकडी हे दुसरे उत्तर होय.

महाराष्ट्र आणि गोवा

कोकणातील आकडी

पालघर, ठाणे, रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या पट्ट्यात शेतकरी, गुराखी, माडावर चढणारे आणि वारली, कोकणा, कातकरी, ठाकर यांसारख्या समाजांतील लोक कोयता कमरेच्या मागे आकडीत अडकवतात. आकडी लाकडाची किंवा धातूची असून ती कमरेभोवती दोरीने बांधली जाते. पाते आकडीत उतरते, मूठ वर राहते. हात मागे नेला की न पाहता मूठ सापडते आणि काम झाल्यावर कोयता तितक्याच सहजतेने परत जागेवर जातो.

या रचनेमागे ठोस कारणे आहेत. कोकणातील कामात कोयता सतत हाती धरायचा नसतो. फांदी तोडली की मोळी बांधायची, झावळी उतरवली की खाली यायचे, कुंपणाचा काटा छाटला की पुढे चालायचे, असे त्याचे स्वरूप असते. दर काही मिनिटांनी काढावे आणि ठेवावे लागणाऱ्या अवजाराला बटणाचे म्यान जाचक ठरते. झाडावर चढताना मांड्या आणि पोट खोडाला भिडतात. कोयता मागे असल्याने तो आड येत नाही. कोकणात वर्षाला अडीच ते तीन हजार मिलिमीटर व काही ठिकाणी त्याहूनही अधिक पाऊस पडतो. चार महिने ओले राहणारे कातडे बुरशीने खराब होते आणि त्यातील पाते गंजते. आकडीत पाणी साचत नाही व पाते वाऱ्यावर सुकते.

पोशाखाचाही येथे संबंध आहे. पट्ट्याचा फासा असलेले म्यान हे पँट आणि कातडी पट्टा गृहीत धरते. लंगोटी, पंचा, धोतर किंवा लुंगीवर ते अडकवायला जागाच नसते. आकडीची दोरी स्वतंत्र असल्याने ती कोणत्याही वस्त्रावर बांधता येते. हीच गोष्ट साडी नेसून काम करणाऱ्या स्त्रियांनाही लागू पडते.

आकडीचा उणेपणाही स्पष्ट आहे. पाते उघडे असते. मागे घसरून पडल्यास, गर्दीत शिरल्यास किंवा वाहनावर बसल्यास ते धोक्याचे होते. म्हणून आकडी हे कामाच्या जागेचे साधन आहे, प्रवासाचे नव्हे.

गोव्यातील काती

गोव्यात माडावरून सूर काढणाऱ्यास रेंदेर म्हणतात. त्याचे रुंद व चपटे पाते 'काती' या नावाने ओळखले जाते. माडाची पोय रोज पातळ कापावी लागते. जाड किंवा बोथट काप सुराचा प्रवाह बिघडवतो, म्हणून कातीची धार वस्तऱ्यासारखी ठेवतात. कमरेला मागे काती आणि सूर गोळा करण्यासाठी दुधी भोपळ्याचे 'दुदिणे' ही रेंदेराची पारंपरिक ओळख होय. चढताना दोन्ही हात मोकळे असणे ही येथील पहिली गरज आहे.

देशावरील स्थिती

सोलापूर, धाराशिव, बीड, अहिल्यानगर या भागात कोयता अंगावर वाहण्याची रीत कोकणाइतकी नाही. येथे शेळ्या-मेंढ्यांसाठी बाभळीचा पाला पाडणे, वेडी बाभूळ तोडणे, कडबा कापणे आणि ऊस तोडणे ही मोठ्या पात्याची मुख्य कामे आहेत. विळे, कोयते, कुऱ्हाडी घडवणाऱ्यांत घिसाडी समाजाचा वाटा मोठा आहे. मोटारीच्या कमानपाट्याचे पोलाद कोयत्यासाठी पसंत केले जाते. आठवडी बाजारात कोयता सहसा म्यानाविनाच मिळतो. म्यान हवे असल्यास चांभाराकडून करून घ्यावे लागते.

ऊसतोडीचा कोयता

सोलापूर जिल्हा राज्यातील सर्वाधिक साखर कारखाने असलेल्या जिल्ह्यांपैकी एक आहे. गळीत हंगामात, साधारणपणे ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून मार्च-एप्रिलपर्यंत, मराठवाडा आणि लगतच्या दुष्काळी तालुक्यांतून ऊसतोड कामगार येथे व पश्चिम महाराष्ट्रात येतात. पती-पत्नीच्या जोडीला 'एक कोयता' म्हणून मोजण्याची पद्धत आहे. त्यांपैकी एकट्याला 'अर्धा कोयता' म्हणतात. माणसांची गणतीच अवजाराच्या नावाने होते, इतके या कामात कोयत्याला महत्त्व आहे.

ऊस जमिनीलगत तोडतात, कारण बुडख्याकडच्या कांड्यांत साखरेचे प्रमाण अधिक असते. त्यामुळे तोडणाऱ्याला सतत वाकावे लागते आणि कोयता दिवसभर हातातच राहतो. फडात म्यानाचा उपयोग जवळजवळ नसतो. प्रश्न उद्भवतो तो फडाबाहेर: पहाटेच्या अंधारात फडाकडे जाताना, उसाने भरलेल्या ट्रॅक्टरवर वा बैलगाडीत बसताना, आणि कोपीत लहान मुले वावरत असताना. अशा वेळी कोयता चिंधीत गुंडाळून मोळीत खोचला जातो. चिंधी सुटते आणि धार तिच्यातून बाहेर येते. या उपयोगासाठी बारीक कलाकुसरीचे म्यान लागत नाही. धारेवर बसणारी व दोरीने बांधता येणारी जाड रबराची किंवा कातड्याची पट्टी पुरते. जुन्या टायरच्या रबरातून ती फारसा खर्च न करता तयार होते.

इतर प्रदेशांतील प्रकार

कोडगू (कर्नाटक): कोडवा समाजात रुंद, वक्र पात्याची 'ओडि कत्ती' कमरेच्या मागे 'तोडंग' नावाच्या पितळी अडकणीत ठेवतात. तत्त्व कोकणी आकडीचेच आहे. पुढच्या बाजूला रेशमी शेल्यात खोचली जाणारी 'पीचे कत्ती' मात्र नक्षीदार म्यानात असते. कामाच्या पात्याला अडकण आणि मानाच्या पात्याला म्यान हा भेद येथे एकाच पोशाखात दिसतो.

ईशान्य भारत: नागा लोकांचा 'दाव' कमरेच्या मागे पट्ट्यावर बसवलेल्या लाकडी ठोकळ्याच्या खाचेत राहतो. अरुणाचल प्रदेशातील खामती व इतर समाजांत एका बाजूने उघडे लाकडी म्यान वेताने बांधून करतात. त्यात पाते दिसत राहते व लवकर सुकते.

नेपाळ: खुकरीच्या म्यानास 'दाप' म्हणतात. लाकडाच्या दोन फळ्यांवर कातडे चढवून ते करतात. त्यात 'कर्द' ही छोटी सुरी आणि 'चकमक' ही बोथट पट्टी ठेवण्याची सोय असते. खुकरी काढताना दुसऱ्या हाताची बोटे म्यानाच्या धारेकडील कडेवर ठेवायची नाहीत, हा शिकवण्यातला पहिला नियम आहे. म्यान फाटल्यास धार थेट बोटांवर येते.

उत्तर युरोप: फिनलंडच्या 'पुक्को' सुरीचे कातडी म्यान खोल असते व मुठीचा बराचसा भाग गिळते. त्यामुळे बटणाची गरज उरत नाही. म्यान पट्ट्याला सैल लोंबते, म्हणून बसताना ते मांडीबरोबर फिरते.

साहित्य

कातडे: वनस्पतिजन्य द्रव्यांनी कमावलेले कातडे म्यानासाठी उत्तम मानले जाते. ते ओले करून पात्याच्या आकारावर बसवता येते आणि सुकल्यावर तो आकार धरून ठेवते. महाराष्ट्रात बाभळीची साल आणि हिरडा यांनी कातडे कमावण्याची जुनी परंपरा आहे. कोल्हापुरी चपलेसाठी असेच कातडे वापरतात. त्या चपलेला २०१९ मध्ये मिळालेल्या भौगोलिक मानांकनात कोल्हापूर, सांगली, सातारा यांच्यासह सोलापूर जिल्ह्याचाही समावेश आहे. त्यामुळे म्यानास योग्य कातडे व ते शिवण्याचे कसब या भागात उपलब्ध आहे. आरीने छिद्रे पाडून, मेण लावलेल्या एका दोऱ्याच्या दोन टोकांना दोन सुया घेऊन घातलेली दुहेरी टीप म्यानास सर्वांत भरवशाची. एखादा टाका तुटला तरी शेजारचे टाके सुटत नाहीत. क्रोम क्षारांनी कमावलेले कातडे मऊ असते व आकार धरत नाही.

लाकूड: आतून कोरलेल्या दोन फळ्या जोडून म्यान करतात. ते पात्याला घट्ट धरते व धारेने कापले जात नाही. मात्र ते अंगाला टोचते आणि ओल्या-कोरड्या हवेत तडकते.

कापड: जाड कॅनव्हास किंवा नायलॉनचे म्यान हलके व लवकर सुकणारे असते. आत कडक प्लास्टिकचे अस्तर नसल्यास मोठे पाते ते सहज भेदते.

प्लास्टिक: साच्यात घातलेले प्लास्टिक अथवा उष्णतेने आकार दिलेला कायडेक्सचा पत्रा पाण्याने खराब होत नाही. त्यावर पाते घासल्याचा आवाज होतो, आणि आत वाळूचे कण अडकल्यास पात्यावर ओरखडे उठतात. पाण्याच्या पीव्हीसी पाइपचा तुकडा गरम करून, दाबून घरगुती म्यान करण्याची पद्धतही आढळते. पीव्हीसी सुमारे ८० अंश सेल्सिअसला मऊ पडते, म्हणून ते तापलेल्या इंजिनाजवळ ठेवणे टाळावे लागते. ते जास्त तापल्यास घातक धूर निघतो. काम मोकळ्या हवेत व मंद उष्णतेवर करतात.

वाहण्याच्या पद्धती

बाजूला, मांडीवर: सर्वांत रूढ. सरळ व मध्यम लांबीच्या पात्यास योग्य. म्यान उंच आणि घट्ट बसवल्यास मूठ बरगडीला लागते. ते थोडे खाली लोंबते ठेवल्यास बसताना बाजूला होते.

कमरेच्या मागे, आकडीत: वारंवार काढ-घाल करण्याच्या कामास योग्य. जड व कठीण वस्तू नेमकी कण्यावर न ठेवता उजव्या अथवा डाव्या अंगाला सरकवून बांधणे हिताचे, कारण पाठीवर पडल्यास आघात कण्यावर येतो.

विरुद्ध बाजूला: उजव्या हाताने वापरणारा डाव्या कमरेला म्यान बांधतो. लांब पाते काढण्यास सोयीचे. तलवार याच पद्धतीने वाहिली जाई.

खांद्यावरून: पट्टा छातीवरून तिरपा घेतात. शिखांच्या कृपाणाचा 'गातरा' याच प्रकारचा असून नांदेड येथे तो नेहमी पाहण्यात येतो. कमरेवर भार नको असेल तर ही पद्धत आरामदायी ठरते. झुडपांत मात्र पट्टा अडकतो.

पिशवीत किंवा बोचक्यात: प्रवासासाठी योग्य. पाते पूर्ण झाकलेले आणि बांधलेले असले पाहिजे.

निवडीचे निकष

म्यान निवडताना प्रथम कामाचा विचार केला जातो. दिवसातून किती वेळा पाते काढावे लागेल, हा मूळ प्रश्न. दर काही मिनिटांनी काढायचे असेल तर आकडी किंवा उघडे म्यान; दिवसातून दोन-चार वेळाच काढायचे असेल तर पट्टीचे बंद म्यान; आणि नुसते नेणे-आणणे असेल तर धारेवरची बांधलेली पट्टी, असा ढोबळ नियम सांगता येतो. एकाच कोयत्याला कामासाठी आकडी आणि वाटेसाठी खोळ अशी दोन साधने असणेही गैर नाही. उलट दोन्ही कामे एकाच साधनाकडून करून घेण्याच्या प्रयत्नात बहुतेक तडजोडी होतात.

म्यान विकत घेण्याआधी किंवा चांभाराकडून घेताना पुढील परीक्षा करता येतात.

१. पाते आत घालून, पट्टी लावून, म्यान उलटे धरून हलवावे. पाते सुटता कामा नये व खुळखुळताही कामा नये. ही परीक्षा मऊ मातीवर, पाय दूर ठेवून करावी.

२. म्यान कमरेला बांधून उकिडवे बसावे, मांडी घालून बसावे, पायरी चढावी. टोक जमिनीला टेकून मूठ वर ढकलली जात असेल तर म्यान फार खाली आहे. मूठ बरगडीत रुतत असेल तर फार वर आहे.

३. न पाहता, एका हाताने पाते काढून परत घालता आले पाहिजे. परत घालताना दुसऱ्या हाताने म्यानाचे तोंड धरावे लागत असेल तर तोंड फार मऊ आहे. पाते परत घालताना तोंडाजवळ धरलेला हात धारेच्या वाटेत असतो.

४. मधली पट्टी आहे की नाही ते तोंडातून डोकावून पाहावे.

५. डावखुऱ्या माणसाने म्यान उलट बाजूचे करून घ्यावे. उजव्या हाताचे म्यान डावीकडे बांधल्यास धारेची दिशा उलटी होते.

६. म्यानाला पट्ट्याखेरीज दोरी ओवण्याची सोय असावी, म्हणजे पोशाख बदलला तरी ते निरुपयोगी होत नाही.

हवेचा निकष शेवटी येतो, पण तो निर्णायक ठरू शकतो. सोलापुरात वर्षाचा पाऊस सहाशे मिलिमीटरच्या आसपास असतो आणि उन्हाळ्यात तापमान ४० अंश सेल्सिअसच्या वर जाते. येथे कातडे कुजत नाही, पण तेलाविना तडकते. कोकण व गोव्यात याच्या उलट घडते. म्हणून सोलापूरच्या माणसाला सोयीचे वाटलेले कातड्याचे म्यान सिंधुदुर्गातील पावसाळ्यात निकामी होऊ शकते.

सुरक्षित वापर

पाते म्यानात घालताना घाई झाल्यास इजा होते. काम संपलेले असते आणि लक्ष दुसरीकडे गेलेले असते. पाते घालताना नजर म्यानाच्या तोंडावर ठेवणे हा साधा नियम आहे. कोयता दुसऱ्याला देताना हातातून हातात न देता जमिनीवर ठेवणे आणि समोरच्याने उचलणे ही ग्रामीण भागात पाळली जाणारी रीतही तितकीच उपयुक्त आहे.

दुचाकीवर, ट्रॅक्टरवर किंवा बैलगाडीत बसण्यापूर्वी कमरेचे म्यान सोडून सामानात बांधावे. घरी ते मुलांचा हात पोहोचणार नाही अशा जागी ठेवावे. मातीत वापरलेल्या पात्याची जखम किरकोळ दिसली तरी ती धुऊन धनुर्वाताच्या लशीबाबत दवाखान्यात विचारावे.

निगा

म्यान हे काम चालू असतानाचे घर आहे, साठवणीचे नव्हे. पाते दीर्घकाळ म्यानात राहिल्यास आतल्या ओलाव्याने गंजते. उसाचा रस, चीक व फळांचा आंबट रस लागलेले पाते तसेच आत घातल्यास गंज लवकर चढतो आणि रस म्यानाच्या आत चिकटून मुंग्या येतात. पाते धुऊन, पुसून, तेलाचा हात फिरवून मगच आत घालावे. हंगाम संपल्यावर पाते व म्यान वेगवेगळे ठेवावे.

कोकणात पात्याला खोबरेल लावतात. थंडीत सुमारे २४ अंश सेल्सिअसखाली ते थिजते, पण गंज रोखण्याचे काम करत राहते. कातड्याला अधूनमधून एरंडेलाचा पातळ हात द्यावा. तेल अधिक झाल्यास कातडे मऊ पडून आकार सोडते. भिजलेले म्यान चुलीजवळ किंवा उन्हात न सुकवता सावलीत, तोंड खाली करून टांगावे.

कायदेशीर बाजू

भारतात शस्त्र अधिनियम, १९५९ आणि शस्त्र नियम, २०१६ लागू आहेत. नियमांच्या अनुसूचीत ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्याच्या तलवारी, खंजीर, सुरे, खुकऱ्या इत्यादींचा धारदार शस्त्रांच्या वर्गात समावेश आहे. परंतु घरगुती, शेतीच्या, वैज्ञानिक किंवा औद्योगिक उपयोगासाठी बनवलेली पाती त्यातून वगळली आहेत. शेतीचा कोयता या अपवादात बसतो. तो शस्त्र म्हणून वापरला अथवा उगारला गेल्यास हा अपवाद कामी येत नाही आणि इतर फौजदारी तरतुदी लागू होतात.

याशिवाय महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ च्या कलम ३७ अन्वये सार्वजनिक शांततेसाठी ठरावीक काळ व क्षेत्रापुरते तलवारी, सुऱ्या, काठ्या इत्यादी बाळगण्यास मनाई करणारे आदेश काढता येतात. सण, निवडणुका, यात्रा यांच्या काळात असे आदेश निघतात. त्या काळात कोयता घेऊन गावातून किंवा शहरातून जाणाऱ्याने स्थानिक आदेशाची माहिती घेणे आवश्यक ठरते. विमानाने प्रवास करताना धारदार वस्तू हातातील सामानात नेता येत नाहीत. त्या नोंदवलेल्या सामानात, धार झाकून द्याव्या लागतात.

२०२२–२३ पासून पुण्यातील गुन्ह्यांच्या बातम्यांत 'कोयता गँग' हा शब्दप्रयोग रूढ झाला. शेतकऱ्याचे, ऊसतोड कामगाराचे व माडावर चढणाऱ्याचे अवजार त्यामुळे शहरी वाचकाच्या मनात भीतीशी जोडले गेले. या पार्श्वभूमीवर म्यानाला आणखी एक अर्थ आला आहे. झाकलेला, बांधलेला आणि सामानात ठेवलेला कोयता हे वाटेवरचे अवजार असते. हातातला उघडा कोयता पाहणाऱ्याला शस्त्र वाटतो. म्यानाने कायदेशीर संरक्षण मिळत नाही, परंतु बाळगणाऱ्याचा हेतू स्पष्ट होण्यास त्याची मदत होते.

भाषेतील उपयोग

'एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत' ही म्हण दोन समान अधिकाराच्या व्यक्ती एकत्र नांदू शकत नाहीत या अर्थाने वापरतात. 'तलवार म्यान करणे' म्हणजे भांडण किंवा विरोध थांबवणे. दोन्ही प्रयोग तलवारीच्या म्यानावरून आले आहेत. कामाच्या पात्याने भाषेला निराळी देणगी दिली. 'कोयता' हा शब्द ऊसतोडीच्या व्यवहारात माणसांच्या जोडीचे माप झाला, आणि 'यंदा किती कोयते आले' या प्रश्नात अवजारामागचा कामगार गृहीत धरला जातो.

हेही पाहा

कोयता
विळा
खुकरी
ऊसतोड कामगार
घिसाडी
कोल्हापुरी चप्पल
शस्त्र अधिनियम, १९५९